ओबामांचे ‘परिवर्तन’ करांच्या तक्त्यात कुठे दिसले?

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे बराक ओबामा यांच्या २००८ च्या प्रचाराविषयी आणि करांबाबतच्या त्यांच्या भूमिकेविषयी आहेत. ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : २००८ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता मुलाकडे न्यू जर्सीत होतो. ‘चेंज’ लिहिलेल्या पाट्या तेव्हा घराघरांपुढच्या हिरवळीवर दिसत. मुलगा म्हणतो की ओबामांनी श्रीमंतांवर कर लावण्याचे धाडस दाखवले आणि हेच परिवर्तन होते. सून म्हणते की करांच्या बाबतीत त्यांनी जुनेच धोरण पुढे चालवले. आमच्या घरात हा वाद अजून मिटलेला नाही. आपले मत काय? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : सूनबाईंचे म्हणणे मला अधिक पटते. ओबामांनी पुरेसे कर वाढवले नाहीत म्हणून परिवर्तन झाले नाही, असे मात्र मला म्हणायचे नाही. करांच्या बाबतीत परिवर्तन झाले की नाही हे ठरवताना दर किती टक्क्यांनी वरखाली झाला यापेक्षा कोणत्या प्रकारच्या मिळकतीवर किती भार पडतो ही मांडणी बदलली का, हे पाहावे लागते. राबून मिळवलेला पगार आणि गुंतवणुकीवर मिळालेला नफा यांना वेगवेगळी वागणूक देणारी जी व्यवस्था ओबामांच्या आधी होती, ती त्यांच्या आठ वर्षांनंतरही बहुतांशी तशीच राहिली. याचे एक कारण त्यांचे विरोधक होते हे खरे, पण दुसरे कारण त्यांच्या स्वतःच्या प्रचारातील एका वचनात होते आणि त्याची चर्चा फार कमी झाली.

आधी पार्श्वभूमी पाहू. अध्यक्ष क्लिंटन यांच्या काळात, १९९३ मध्ये, प्राप्तिकराचे वरचे दोन दर ३६ आणि ३९.६ टक्के झाले. त्यानंतर जॉर्ज बुश यांच्या २००१ आणि २००३ च्या कायद्यांनी ते ३३ आणि ३५ टक्क्यांवर आणले, तर दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावरचा कमाल दर २० वरून १५ टक्क्यांवर आला आणि लाभांशालाही तोच १५ टक्के दर लागू झाला. सिनेटमध्ये साध्या बहुमताने मंजूर करता यावेत यासाठी हे कायदे मुदतीचे ठेवले होते आणि ती मुदत २०१० च्या अखेरीस संपत होती. वादाची सगळी मेख इथे आहे. नव्या अध्यक्षाने काहीही न करता स्वस्थ बसायचे ठरवले असते, तरी १ जानेवारी २०११ रोजी सगळे जुने दर आपोआप परत आले असते.

आता ओबामांचा प्रस्ताव पाहा. वर्षाला अडीच लाख डॉलरपेक्षा अधिक मिळकत असलेल्या कुटुंबांसाठी (एकट्या व्यक्तीसाठी ही मर्यादा दोन लाखांची होती) वरचे दोन दर पुन्हा ३६ आणि ३९.६ टक्के करायचे, त्यांच्या भांडवली नफ्यावर २० टक्के कर घ्यायचा, आणि उरलेल्या सगळ्यांसाठी बुश यांची करकपात कायम ठेवायची. अडीच लाखांच्या वर असलेली कुटुंबे दोन टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे वरच्या दोन टक्क्यांसाठी त्यांना क्लिंटन यांच्या काळात परत जायचे होते आणि खालच्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांसाठी बुश यांच्या काळात थांबायचे होते. यातील एकेक तरतूद आपल्या जागी योग्य असेलही, पण दोन जुन्या व्यवस्था जोडून नवी व्यवस्था तयार होत नाही.

सप्टेंबर २००८ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील डोव्हर येथे बोलताना ओबामांनी ठाम शब्द दिला की, अडीच लाखांपेक्षा कमी मिळकत असलेल्या कोणत्याही कुटुंबावर कोणत्याही प्रकारची करवाढ होणार नाही. प्राप्तिकर, पगारातून कापले जाणारे सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअरचे (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) कर, भांडवली नफ्यावरील कर, या सगळ्यांचा त्यांनी नाव घेऊन उल्लेख केला. टाळ्या पडल्या आणि पडणारच होत्या. पण त्याच प्रचारात सर्वांसाठी आरोग्यविमा, चांगल्या शाळा, नवी ऊर्जा आणि रस्ते-पुलांची डागडुजी यांचीही आश्वासने होती. हे सगळे ज्या पैशातून व्हायचे त्याचा मोठा भाग या एका वाक्याने हातातून सुटला. २०१० मध्ये जो हिशेब सगळीकडे सांगितला जात होता त्यानुसार वरच्या दोन टक्क्यांची करकपात पुढे चालू ठेवल्यास दहा वर्षांत सुमारे ७०० अब्ज डॉलरचा महसूल बुडणार होता, आणि उरलेल्यांची चालू ठेवल्यास सुमारे ३,००० अब्ज डॉलरचा. भांडण ७०० अब्जांवरून झाले. ३,००० अब्जांविषयी दोन्ही पक्षांत भांडणच नव्हते, कारण ‘मध्यमवर्गाचा कर वाढवणे म्हणजे पाप’ हा बुश यांच्या पक्षाचा सिद्धांत ओबामांनी प्रचारातच मान्य करून टाकला होता.

अडीच लाखांच्या त्या रेषेविषयी गैरसमजही खूप पसरले. ऑक्टोबर २००८ मध्ये ओहायोत एका नळदुरुस्ती करणाऱ्या माणसाने ओबामांना रस्त्यातच गाठले आणि विचारले की, मी अडीच लाखांहून थोडी अधिक मिळकत देणारा धंदा विकत घेणार आहे, मग तुम्ही माझा कर वाढवणार का? ‘जो द प्लंबर’ म्हणून तो रातोरात देशभर माहीत झाला, तीनच दिवसांनी हॉफस्ट्रा विद्यापीठातील वादविवादात त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी जॉन मॅकेन यांनी त्याचे नाव पुनःपुन्हा घेतले, आणि संपत्ती थोडी वाटली जावी असे जे ओबामा बोलून गेले होते ते महिनाभर त्यांच्यावर उगारले गेले. प्रत्यक्ष हिशेब असा होता : करपात्र मिळकत २,८०,००० डॉलर असेल तर वाढीव दर फक्त वरच्या ३०,००० डॉलरना लागणार होता, आणि ३३ चे ३६ टक्के झाल्याने वर्षाचा जादा कर ९०० डॉलर होणार होता. एवढ्या रकमेसाठी देशात समाजवाद येत असल्याची ओरड झाली.

त्या कार्यक्रमात खऱ्या अर्थाने नव्या म्हणाव्यात अशा दोन गोष्टी होत्या आणि मला त्यांच्याविषयी आजही हळहळ वाटते. पहिली गोष्ट गुंतवणूक निधी चालवणाऱ्या व्यवस्थापकांची. दुसऱ्यांचे पैसे गुंतवून झालेल्या नफ्यातील जो हिस्सा, बहुधा २० टक्के, त्यांना मिळतो तो वास्तविक त्यांच्या कामाचा मोबदला असतो, पण कायदा त्याला भांडवली नफा मानतो. त्यामुळे २००८ मध्ये कोट्यवधी डॉलर मिळवणारा माणूस १५ टक्के दराने सुटत असे आणि रुग्णालयातील परिचारिकेच्या पगाराचा वरचा भाग २५ टक्क्यांच्या श्रेणीत जाऊ शकत असे. ही मिळकत पगारासारखी मानून कर घ्यायचा असे ओबामांनी सांगितले होते. प्रतिनिधिगृहाने तसे विधेयक एकाहून अधिक वेळा मंजूर केले, पण सिनेटमध्ये ते अडले आणि ओबामांची कारकीर्द संपली तरी ती सवलत जागेवरच होती.

दुसरी गोष्ट सोशल सिक्युरिटीची. २००८ मध्ये या निधीसाठीची ६.२ टक्के कपात फक्त पहिल्या १,०२,००० डॉलर पगारावर होत असे. बसचालकाच्या पगारातील प्रत्येक डॉलरमधून ती कापली जात होती, आणि दहा लाख डॉलर पगार घेणाऱ्याची कपात ६,३२४ डॉलरवर थांबत होती. ही मर्यादा वर नेण्याची भाषा ओबामांनी २००७ मध्ये सुरू केली. लास व्हेगासच्या चर्चेत, पक्षाच्या उमेदवारीसाठी त्यांच्याशी स्पर्धा करणाऱ्या हिलरी क्लिंटन यांनी तिच्यावर ‘प्रचंड करवाढ’ असा हल्ला चढवल्यावर भाषा सौम्य होऊ लागली. जून २००८ मध्ये प्रस्ताव फक्त अडीच लाखांच्या वरच्या पगारापुरता उरला, आणि ऑगस्टमध्ये त्यांच्या सल्लागारांनी स्पष्ट केले की वाढ दोन ते चार टक्क्यांचीच असेल आणि तीही दहा वर्षांनंतर. मतदानाचा दिवस जवळ आला तसतसा प्रस्ताव आखडत गेला, आणि निवडून आल्यानंतर तो कधी वर आलाच नाही.

नोव्हेंबर २०१० च्या मध्यावधी निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाने प्रतिनिधिगृहातील ६३ जागा गमावल्या. पुढच्याच महिन्यात, १७ डिसेंबर रोजी, ओबामांनी बुश यांची संपूर्ण करकपात, श्रीमंतांच्या वाट्यासह, दोन वर्षे वाढवणाऱ्या कायद्यावर सही केली. बदल्यात बेरोजगार भत्त्याची मुदत वाढली आणि नोकरदारांची सोशल सिक्युरिटीची कपात वर्षभरासाठी ६.२ वरून ४.२ टक्क्यांवर आली, म्हणून हा सौदा निव्वळ शरणागतीचा होता असे मी म्हणणार नाही. त्यानंतर २ जानेवारी २०१३ च्या कायद्याने ३९.६ टक्क्यांचा दर परत आला खरा, पण मर्यादा अडीच लाखांची राहिली नाही. ती एकट्या व्यक्तीसाठी चार लाख आणि जोडप्यासाठी साडेचार लाख डॉलर झाली. वारसा कराविषयी प्रचारात ४५ टक्के दर आणि ३५ लाख डॉलरची सूट असे सांगितले होते, प्रत्यक्षात ४० टक्के दर आणि ५० लाखांची, महागाईबरोबर वाढणारी सूट कायम झाली. बुश यांना आपली करकपात कायमस्वरूपी करता आली नव्हती. तिचा बहुतांश भाग ओबामांच्या सहीने कायमस्वरूपी झाला.

प्रश्न : शंभरातील ९५ नोकरदार कुटुंबांना करकपात देऊ, असे ओबामा म्हणत. पण अमेरिकेतील कितीतरी कुटुंबे प्राप्तिकर भरतच नाहीत असेही वाचनात येते. जे कर भरत नाहीत त्यांना करकपात कशी मिळणार? ही निव्वळ आकड्यांची हातचलाखी नव्हती का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : हातचलाखी नव्हती. त्या काळात जवळपास दहापैकी चार घरांना प्राप्तिकर भरावा लागत नव्हता हे खरे आहे. परंतु त्यांतील ज्या घरांत कोणी ना कोणी नोकरीवर जात होते त्या घरांच्या पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर मिळून ७.६५ टक्के कापले जात होते, आणि ही कपात पहिल्या डॉलरपासून सुरू होते. प्राप्तिकर नाही म्हणजे करच नाही, हे समीकरण चूक आहे. ओबामांनी या कपातीचा काही भाग परत देण्याची योजना मांडली. मिळकतीच्या ६.२ टक्के, हे प्रमाणही मुद्दाम सोशल सिक्युरिटीच्या कपातीएवढेच ठेवले होते. प्रचारात माणशी ५०० डॉलर सांगितले होते. फेब्रुवारी २००९ च्या कायद्यात माणशी ४०० आणि जोडप्यास ८०० झाले, तेही फक्त २००९ आणि २०१० या दोन वर्षांसाठी. वचनाशी इतकी जवळून जुळणारी दुसरी करतरतूद त्यांच्या कारकीर्दीत मला दिसत नाही.

त्या वर्षांत मी न्यू जर्सीतील एडिसनमध्ये आपल्या लोकांची करविवरणपत्रे भरून देत असे. एप्रिल २००९ मध्ये एका अविवाहित तरुणाने मार्च आणि एप्रिलची पगारपत्रके माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि ‘फेडरल’ या ओळीवर बोट ठेवून विचारले की, कचेरीने माझा कर कापण्यात चूक केली आहे का? पंधरवड्याची कपात वीस-बावीस डॉलरांनी कमी झाली होती. ती ओबामांची करकपात होती आणि ज्याला ती मिळाली त्याला ती चूक वाटत होती. बुश यांनी २००८ मध्ये जो परतावा दिला त्याचा धनादेश टपालाने आला, बँकेत जमा झाला, लोकांनी त्याचे टीव्ही घेतले. ओबामांच्या सल्लागारांना वाटले की, एकरकमी पैसे मिळाले तर लोक ते शिल्लक टाकतील आणि पगारातून थोडे थोडे मिळाले तर खर्च करतील, मंदीत खर्चच हवा होता. अर्थशास्त्र म्हणून ते बरोबर असावे. मात्र ज्यांचे कर कमी झाले त्यांतील फारच थोड्यांना ते कळले, हे नंतरच्या पाहण्यांत दिसून आले. पुढच्या वसंतात आणखी एक अडचण निघाली. दोन ठिकाणी नोकरी करणाऱ्यांची कपात दोन्हीकडे कमी झाली होती आणि सवलत एकच होती, त्यामुळे या सवलतीचा हिशेब मांडणारा ‘शेड्यूल एम’ हा तक्ता भरताना काहींना पैसे परत मिळण्याऐवजी भरावे लागले. त्यांना समजावून सांगताना मलाही वाईट वाटत असे.

आपल्या लोकांशी संबंधित एक फरक मात्र ओबामांच्या बाजूने नोंदवला पाहिजे. २००८ च्या परताव्यासाठी एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या पती-पत्नी दोघांकडेही सोशल सिक्युरिटी क्रमांक असावा लागे. पती एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आणि पत्नी एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर, अशा असंख्य मराठी घरांत पत्नीकडे सोशल सिक्युरिटी क्रमांकाऐवजी फक्त करदात्याचा आयटिन क्रमांक असे, आणि म्हणून त्या घराला काहीच मिळाले नाही. नियमाने सगळे कर भरणाऱ्या त्या माणसांना आपण मोजलेच गेलो नाही असे वाटले. २००९ च्या सवलतीसाठी दोघांपैकी एकाचा क्रमांक पुरेसा होता, आणि त्याच घरांना ८०० डॉलर मिळाले. मात्र दहा वर्षे पूर्ण होण्याआधी भारतात परतणाऱ्यांनी सोशल सिक्युरिटीत भरलेल्या पैशाचे निवृत्तिवेतन त्यांना मिळत नाही, ही जुनी तक्रार ओबामांच्या काळातही तशीच राहिली, कारण दोन देशांत तसा करार झाला नाही.

प्रश्न : नोकऱ्या परदेशी पाठवणाऱ्या कंपन्यांच्या करसवलती बंद करू, या ओबामांच्या घोषणेने २००९ मध्ये आमच्या हिंजवडीत घबराट पसरली होती. त्यातून पुढे काय झाले? (एक वाचक, पिंपरी-चिंचवड)

उत्तर : ४ मे २००९ च्या भाषणात ओबामा म्हणाले होते की, बफेलोत नोकरी निर्माण करण्यापेक्षा बंगळूरमध्ये केली तर कमी कर द्यावा लागतो, अशी आपली करव्यवस्था आहे. आपल्याकडे त्याचे मथळे मोठे झाले. त्यांचा रोख ज्यावर होता ती गोष्ट वेगळी होती. अमेरिकी कंपनीला जगभरच्या नफ्यावर ३५ टक्के कर होता, पण परदेशी उपकंपनीत मिळवलेला नफा मायदेशी आणेपर्यंत त्यावरील कर पुढे ढकलता येत असे. ही ढकलाढकल आवळण्याचा त्यांचा प्रस्ताव होता. न्यूयॉर्कची एखादी बँक पुण्यातील कंपनीकडून संगणकाचे काम करून घेते तेव्हा त्याचे बिल हा तिचा साधा धंद्याचा खर्च असतो, त्याचा या सवलतीशी संबंध नव्हता. म्हणून हिंजवडीतील बहुतेकांची भीती अस्थानी होती.

प्रस्तावातील मुख्य भाग मंजूरही झाला नाही. ऑगस्ट २०१० मध्ये परदेशात भरलेल्या करांच्या वजावटीतील काही पळवाटा तेवढ्या बंद झाल्या. आपल्या कंपन्यांना झळ बसली ती दुसऱ्याच बाजूने. त्याच महिन्यात सीमासुरक्षेसाठी पैसा उभा करणारा एक कायदा झाला, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ज्या कंपनीचे निम्म्याहून अधिक लोक एच-वन-बी किंवा एल-वन (कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा) वर असतील तिला प्रत्येक नव्या एच-वन-बी अर्जामागे २,००० डॉलर जादा शुल्क लागू झाले. अमेरिकी कंपन्यांचा परदेशात साठलेला नफा तसाच साठत राहिला.

प्रश्न : आरोग्यविम्याचा कायदा आणताना ओबामांनी अडीच लाखांचे वचन मोडले, असे म्हणणे योग्य आहे का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : शब्दशः पाहता वचन त्याआधीच मोडले होते. शपथविधीनंतर पंधराच दिवसांनी, ४ फेब्रुवारी २००९ रोजी, मुलांच्या आरोग्यविम्याचा विस्तार करणारा कायदा झाला आणि त्याचा खर्च भागवण्यासाठी सिगारेटच्या पाकिटावरील संघीय कर ३९ सेंटवरून १ डॉलर १ सेंटवर गेला. कारण उत्तम होते. पण हा कर भरणारे बहुतांशी कमी मिळकतीचे लोक होते, आणि ‘कोणत्याही प्रकारची करवाढ नाही’ या शब्दांत तो बसत नव्हता. मी वचन दिले होते, मुलांच्या विम्यासाठी ते मोडतो आहे, असे त्यांनी उघड सांगायला हवे होते.

आरोग्यविमा न घेणाऱ्याला होणारा दंड हा कर नाही असे ओबामांनी २००९ मध्ये ठामपणे सांगितले. न्यायालयात मात्र त्यांच्याच सरकारच्या वकिलांनी कर लावण्याच्या अधिकाराचाही आधार घेतला, आणि २८ जून २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो दंड कर म्हणूनच वैध ठरवला. तेव्हा टीकाकारांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तरीही याच कायद्यात एक अशी तरतूद होती जिला मी त्यांच्या कारकीर्दीतील सर्वांत खरे करपरिवर्तन मानते. २०१३ पासून अडीच लाखांच्या वर मिळकत असलेल्या जोडप्यांच्या गुंतवणुकीच्या उत्पन्नावर ३.८ टक्के कर सुरू झाला. व्याज, लाभांश आणि भांडवली नफा यांवर, पगारावर लागणाऱ्या मेडिकेअर कराच्या तोडीचा कर अमेरिकेत प्रथमच लागला. पगार आणि नफा यांच्यातील जुनी भिंत इथे थोडी खचली. २००८ च्या सभांत मात्र या कराविषयी कोणी ऐकले नव्हते.

प्रश्न : मते जाण्याची भीती असतानाही करांच्या बाबतीत ओबामांनी खरे बोलून दाखवले, असा एखादा प्रसंग आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आहे, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. एप्रिल २००८ मध्ये पेट्रोल महाग झाले होते. रिपब्लिकन पक्षाचे मॅकेन यांनी उन्हाळ्यापुरता गॅलनमागचा १८.४ सेंटचा संघीय कर माफ करण्याची कल्पना मांडली. हिलरी क्लिंटन यांनीही ती उचलली आणि तेलकंपन्यांच्या जादा नफ्यावर कर लावून तूट भरून काढू असे सांगितले. ६ मे रोजी इंडियाना आणि नॉर्थ कॅरोलिनात पक्षांतर्गत मतदान होते. इंडियानात रोज दूरवर गाडी चालवत कामाला जाणारे लोक पुष्कळ. ओबामांनी हो म्हणणे सोपे होते. त्यांनी नाही म्हटले.

कारण त्यांनी स्वतः एकदा हो म्हणून पाहिले होते. इलिनॉय राज्याच्या सिनेटमध्ये असताना २००० मध्ये अशाच तात्पुरत्या सवलतीच्या बाजूने त्यांनी मत दिले होते, आणि किंमत म्हणावी तशी उतरली नव्हती. हा अनुभव त्यांनी सभांतून सांगितला. पंधरा गॅलनची टाकी भरली तर पावणेतीन डॉलर वाचतील, तेही पंपवाल्याने आणि तेलकंपनीने ते मधल्यामध्ये ठेवले नाहीत तर. साऱ्या उन्हाळ्यात मिळून तीसेक डॉलर. हा कर महामार्गांच्या दुरुस्तीच्या निधीत जातो, आणि तो निधी आधीच इतका खंगला होता की त्याच सप्टेंबरमध्ये सरकारी तिजोरीतून त्यात आठ अब्ज डॉलर घालावे लागले. दोनशेहून अधिक अर्थतज्ज्ञांनी करमाफीच्या विरोधात निवेदन काढले. क्लिंटन यांनी उत्तर दिले की, आपण अर्थतज्ज्ञांच्या बाजूने उभ्या राहणार नाही. ओबामांच्या प्रचारातील माणसे धास्तावली असली तर नवल नाही.

मतमोजणी झाली तेव्हा नॉर्थ कॅरोलिनात ओबामा मोठ्या फरकाने जिंकले होते, आणि इंडियानात सुमारे एका टक्क्याने हरले होते. त्या रात्रीनंतर पक्षाची उमेदवारी त्यांच्याकडेच जाणार हे जवळजवळ नक्की झाले. पेट्रोल भरणाऱ्या मतदाराला पूर्ण हिशेब सांगितला तर तो समजून घेतो, हा अनुभव घेऊनच चार महिन्यांनी ते डोव्हरच्या व्यासपीठावर उभे राहिले होते.